परळच्या भिंतीवरच्या सात नोटा

या सगळ्या घोळाला पेपरातली एक चौकट कारणीभूत आहे. 'नोटा, किंमत आणि गुन्हा : मुंबईत अनोखं प्रदर्शन.' बाबांनी ती कात्रीनं कापली, फ्रिजवर चुंबकानं लावली आणि जाहीर केलं, "बुधवारी जाऊ. रविवारी गर्दी असेल."

ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात होण्यासारख्या सहलींबद्दल मी इथे लिहीत असते, म्हणून मी आधी नीट माहिती काढली. काढली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे जुन्या नाण्यांचं प्रदर्शन नाहीये. आर्ट आहे. आजकालचं, न कळणारं."

"नोट कळायला काय लागतं?" बाबा म्हणाले.

माझे वडील साताऱ्याकडच्या एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं कॅश काउंटरला बसले. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे वाजतात, पण भाजीवाल्यानं परत दिलेली नोट अजूनही आधी उजेडात धरतात आणि मग खिशात घालतात. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी जुनं भिंग पुसून चष्म्याच्या डबीत ठेवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता कामाचं. पुण्यात वाकडहून सकाळी साडेसहाची एसटीची एसी बस धरली. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, बाबांना वयामुळे अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एकच. दिवसभरात मनाला समाधान देणारा व्यवहार तेवढाच. परतीचं तिकीटही चारच्या बसचं काढून ठेवलं होतं. घाटात ट्रक बंद पडला होता, त्यात पाऊण तास गेला. दादरला उतरलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

प्रदर्शनाचे दोन भाग, एक गिरगावात आणि दुसरा परळला, असं तिकिटावर छापलं होतं. तिकीट माणशी साडेचारशे, ज्येष्ठांना कुठलीही सवलत नाही. पहिल्या भागापासून सुरुवात करावी म्हणून टॅक्सीनं गिरगाव गाठलं. दोनशे दहा रुपये. एका गल्लीत, जुन्या छापखान्याच्या दाराला कुलूप आणि त्यावर कागद चिकटवलेला : पहिला भाग काही कारणास्तव परळला हलवण्यात आला आहे. खाली स्मायली. मी फोन लावला. एका गोड आवाजानं इंग्रजीत सांगितलं, की तिकीटधारकांना ईमेल पाठवली होती. ईमेल होती खरी. आदल्या दिवशी दुपारी दोनला आलेली, जाहिरातींच्या ढिगात.

बाबा फुटपाथवर उभे राहून म्हणाले, "आमच्या बँकेत असं झालं असतं तर शाखाधिकाऱ्यानं दारात माणूस उभा केला असता."

मी म्हटलं, "बाबा, प्लीज."

गिरगावात थालीपीठ आणि पियुष घेतलं. दोघांचे तीनशे चाळीस, बसायला पंखा, स्वच्छ बाथरूम. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे बाथरूम सोडू नये, पुढे परळला ते दोन जिने चढून आहे. मग परत टॅक्सी. लालबागच्या पुलाखाली पंधरा मिनिटं अडकलो, टॅक्सीवाला कुणाशी तरी फोनवर भांडत होता, आणि बाबा मीटरकडे नाडी तपासावी तसे बघत होते.

प्रदर्शन एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये आहे. वर पत्रा, खाली गुळगुळीत सिमेंट, आत कडक एसी. आणि बसायला काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एक बाकडं ठेवलं असतं तर कलेला कमीपणा आला असता का? माहितीच्या पाट्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, बारीक इंग्रजीत. आजूबाजूला मराठी वस्ती आहे, हे इथे कुणाला ठाऊक असावं असं वाटत नव्हतं.

पहिल्या खोलीत नोटांचा चुरा भरून केलेला लोड होता. त्याच्याशेजारी सोन्याचा मुलामा दिलेला वडापाव, काचेच्या पेटीत. पुढे नोटा मोजायचं यंत्र कोरे कागद मोजत होतं, अखंड. फर्रर्र, फर्रर्र. बाबा त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहिले.

"रोलर झिजलाय. दोन कागद एकदम ओढतंय," ते म्हणाले.

"बाबा, ते मुद्दाम असेल."

"मुद्दाम कोण चुकीचं मोजतं?"

खरं सांगायचं तर त्या प्रश्नावर एक अख्खी खोली उभारता आली असती. पण मी तेव्हा चिडलेली होते. बाबा आता एक पाय उचलून उभे होते, म्हणजे गुडघा बोलायला लागला होता. तिथली सुरक्षारक्षक बाई हे बघत होती. पस्तिशीची असेल, निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले. ती कुठून तरी प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली.

"बसा आजोबा. कुणी विचारलं तर मी ठेवलंय सांगा."

"तुम्हाला बसायला?"

"आम्हाला बसायची परवानगी नाय. हे सामानाच्या खोलीतलंय."

तिला इथे ज्योती म्हणते, सगळ्यांचीच नावं बदलली आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीत राहते, तिथून रोज सकाळी नऊला येते. एजन्सीतर्फे कामाला आहे, म्हणजे पगार एजन्सी देते आणि ओरडा गॅलरी. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. प्रदर्शन सुरू झाल्यापासून ती याच खोल्यांत उभी होती, त्यामुळे कुठल्या कलाकृतीसमोर लोक थांबतात, कुठल्या नाही, हे तिला पाठ. "सगळे त्या भिंतीपाशी थांबतात," ती म्हणाली, "फोटो काढायला."

ती भिंत शेवटच्या खोलीत होती. पाचशेच्या दोनशे खऱ्या नोटा, ओळीनं, बारीक चिमट्यांना लावलेल्या. एकूण एक लाख. खाली पाटी : आपली नोट लावा, भिंतीवरची कुठलीही एक घ्या. विश्वास ठेवा.

"म्हणजे कुणीही नोट लावायची आणि कुणीही न्यायची?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "विश्वासाबद्दल आहे."

"आणि तपासतं कोण?"

"बाबा, तोच मुद्दा आहे."

"हा मुद्दा नाही. हा हलगर्जीपणा आहे."

ते उठले. भिंतीजवळ गेले, हात मागे बांधून एकेक ओळ बघत चालले. तिसऱ्या ओळीत थांबले. एका नोटेच्या कडेवरून अंगठा फिरवला, मान तिरकी केली. मग खिशातून भिंग काढलं.

"ही खोटी आहे," ते म्हणाले. जोरात नाही. दूध नासलंय हे जसं सांगतात, तसं.

ज्योती जवळ आली. "कशावरून हो?"

"कडेच्या या रेघा हाताला लागायला हव्यात, उठावाच्या असतात. इथे सपाट आहेत. आणि ही तार बघा, नोट हलवली की हिरव्याची निळी व्हायला हवी. ही हिरवीच राहते." बाबा पुढे सरकले होते. "ही पण. आणि ही."

दहा मिनिटांत सात निघाल्या. मला आधी अभिमान वाटला, हे मान्य करते. मग मी घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते. चारची बस दादरहून, वाटेत हिंदमातेचा चौक.

"चला, आता निघू," मी म्हटलं.

पण ज्योती म्हणाली, "मला सांगावं लागेल ताई. काही वेगळं दिसलं की कळवायचं, असं आहे आम्हाला." आणि तिनं वॉकीटॉकीवर कळवलं.

मॅनेजर आला. तिशीचा तरुण, पांढरा शर्ट, रोहन नाव. आधी हसला, "सर, दॅट्स सो इंटरेस्टिंग." बाबांनी सातही नोटा दाखवल्यावर त्याचं हसू ओसरलं. पाचशे गुणिले सात त्यानं मनात केलेलं चेहऱ्यावर दिसलं. आणि मग तो बाबांकडे नाही, माझ्याकडेही नाही, थेट ज्योतीकडे वळला.

"तुम यहां खडी रहती हो ना पूरा दिन? किसने लगाया, देखा नहीं?"

"सर, लोक लावतात, घेतात. मी नोट हातात कशी घेणार? हात लावायचा नाही म्हणून तुम्हीच..."

"और ये स्टूल किधर से आया? मतलब जगह छोड के गयी थी."

"आजोबांसाठी आणलं, सर. दोन मिनिटं."

"दो मिनिट में ही होता है." तो फोनवर काहीतरी टाइप करायला लागला. "एजन्सी को बोलता हूं. साढे तीन हजार कट होगा. फिर वो लोग देखेंगे तेरे को रखना है कि नहीं."

ज्योती नुसती चेहरा दगडासारखा करून उभी राहिली. ओरडा खायची सवय असलेली माणसं उभी राहतात तशी.

इथे मी काय केलं, ते लिहिणं भाग आहे. मी बाबांच्या शर्टाची बाही धरली आणि म्हटलं, "बाबा, चला. बस चुकेल. त्यांचं ते बघून घेतील, आपल्याला काय करायचंय?" ज्योती हातभर अंतरावर होती.

बाबांनी बाही सोडवून घेतली आणि स्टुलावर बसले.

"मी इथून हलत नाही," ते मॅनेजरला म्हणाले. "खोट्या नोटा मी दाखवल्या. या बाईंनी नियमाप्रमाणे तुम्हाला कळवलं. चोरी करणारा कधी स्वतः कळवतो का?"

"सर, ये हमारा इंटर्नल मॅटर है."

"नोट खोटी निघाली की ती कुणाची इंटर्नल राहत नाही. बँकेत न्या. ते शिक्का मारून ठेवून घेतील, बदली पैसे मिळणार नाहीत. आणि पाच किंवा जास्त असल्या की पोलिसांत कळवावं लागतं. सात आहेत. मोजायच्या तर तुम्ही मोजा, तुमचं यंत्र नको."

'पोलीस' हा शब्द ऐकल्यावर मॅनेजर बाजूला जाऊन फोनवर बोलू लागला. वीस मिनिटांनी ज्यांची ती भिंत होती त्या कलाकार बाई आल्या. इरा त्यांचं नाव, चाळिशीच्या आत-बाहेर, सुती साडी, पायात बूट. त्यांचा चेहरा चक्क खुलला होता.

"हे किती छान आहे!" त्या म्हणाल्या. मराठी चांगलं होतं त्यांचं. "कामच पूर्ण झालं. लोकांनी विश्वासात खोटेपणा मिसळला. मला हेच हवं होतं."

"तुम्हाला हवं होतं," बाबा म्हणाले, "आणि पैसे या बाईंच्या पगारातून?"

इराबाईंनी मॅनेजरकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, एवढं कबूल करायला हवं. पण ठाऊक झाल्यावरही त्या परत भिंतीकडेच बघू लागल्या. मला इतका राग आला, की बस चारची होती हे मी विसरले. तीन वीस झाले होते.

तेवढ्यात ज्योती, मॅनेजर आल्यापासून पहिल्यांदा, आपणहून बोलली. "मॅडम, त्या पुस्तकात नंबर आहेत ना?"

प्रदर्शनाचं पुस्तक दाराशी विकायला ठेवलंय. किंमत अठराशे, मी घेतलं नव्हतं, तुम्हीही घेऊ नका. त्यात शेवटच्या दोन पानांवर भिंतीवरच्या मूळ दोनशे नोटांचे नंबर छापलेत, कवितेसारखे, ओळीखाली ओळ. उद्घाटनाच्या आधी घेतलेल्या फोटोवरून. ज्योतीनं ते रिकाम्या वेळी चाळलं होतं.

मॅनेजरनं नाइलाजानं एक प्रत आणली. बाबांनी ती मांडीवर घेतली, सात नोटा शेजारी. आधी त्यांनी मला नोटांचे नंबर वाचायला लावले, आणि तिथेच मी अडखळले. चार नोटांवर एकच नंबर होता. उरलेल्या तिन्हींवर दुसरा एकच.

"खोट्या नोटा अशाच छापतात, एका नंबराच्या," बाबा म्हणाले, आणि पुस्तकातल्या रकान्यावरून बोट खाली नेऊ लागले. ते थांबले. परत वरून सुरुवात केली. मग पुस्तक इराबाईंपुढे धरलं.

"हा नंबर तुमच्या यादीत पाच वेळा छापलाय. हा दुसरा चार वेळा. छापायच्या आधी कुणी वाचलं नाही?"

कुणीही वाचलं नव्हतं. अठराशे रुपयांचं पुस्तक, जाड कागद, आणि त्यात एकच नंबर पाच वेळा.

"म्हणजे या नोटा पहिल्या दिवसापासून भिंतीवर होत्या," बाबा म्हणाले. "नऊ. लोकांनी नाही लावल्या. या बाईंनी तर नाहीच. तुम्ही लावल्या."

"मी बँकेतूनच..." इराबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. "साठ हजार बँकेतून काढले होते. बाकीचे चाळीस एका चित्राचे होते. घेणाऱ्यानं थोडे कॅशमध्ये दिले."

"इरा, डोन्ट," मॅनेजर म्हणाला.

पलीकडच्या खोलीत ते यंत्र अजून कोरे कागद मोजत होतं. पैसा, किंमत आणि गुन्हा यांवर जिने एवढं उभं केलं होतं, तिच्या स्वतःच्या पर्समधून हे आलं होतं, आणि देणाऱ्याचं नाव सांगायची तिची हिंमत नव्हती. इराबाईंचा चेहरा उतरला होता. त्या हळूच म्हणाल्या, "नऊ होत्या आणि इथे सात आहेत. दोन कुणीतरी घेऊन गेलं."

"हो," बाबा म्हणाले. "कुणीतरी विश्वास ठेवला."

मॅनेजरनं पगार कापणार नाही असं सांगितलं. बाबांना ते पुरलं नाही. त्यांनी माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं, पेन उघडलं. "लिहून द्या. श्रीमती ज्योती यांचा या प्रकाराशी संबंध नाही. सही, तारीख, शिक्का."

आणि तेव्हा ज्योती त्यांच्या कानाशी वाकली. मी जवळच होते म्हणून ऐकलं.

"आजोबा, कागद नको. कागदावर माझं नाव आलं की एजन्सीला वाटतं काहीतरी लफडं होतं. काढून टाकतात. तोंडी राहू दे."

बाबांचं पेन तसंच वर राहिलं. कागदावर नसलेली गोष्ट झालीच नाही, असं मानत त्यांचा जन्म गेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेनाला टोपण लावलं. मॅनेजरला म्हणाले, "तिच्यासमोर बोला. मराठीत. नाव घेऊन."

तो बोलला. "ज्योती, तुमची चूक नाही." अडखळत, पण बोलला. इराबाईंनी 'सॉरी' म्हटलं. नोटा पोलिसांकडे देणार का, यावर दोघंही "हो, हो, आम्ही बघतो" म्हणाले. ते 'बघतो' कसं असतं, हे बँकेत काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाबांनी अभिप्रायाच्या वहीत सगळं सविस्तर लिहिलं, दोन्ही नंबरांसकट, ज्योतीचं नाव वगळून. खाली स्वतःचं नाव आणि माझा मोबाइल नंबर, कारण त्यांना स्वतःचा पाठ नाही.

चारची बस गेली. पैसे परत नाहीत. हिंदमातेपाशी टॅक्सी साड्यांच्या दुकानांसमोर अर्धा तास उभी होती आणि कुठल्या दुकानात काय सेल आहे हे मला पाठ झालं. साडेपाचची बस मिळाली. पनवेल मागे पडलं. मग बाबा म्हणाले, "त्या दोन नोटा कुणाकडे असतील गं?" मला काय माहीत. एखाद्या कॉलेजच्या पोरीनं फोटो काढून पर्समध्ये ठेवली असेल आणि पुढे रिक्षावाल्याला दिली असेल.

आता नेहमीप्रमाणे, जावं का? जा. एका दिवसात होतं, जाऊन-येऊन दोघांना साधारण अडीच हजार लागतात. आधी थेट परळला जा, ईमेल तपासा, घडीचं स्टूल सोबत न्या. भिंत मात्र दिसणार नाही. ती आता पांढऱ्या कापडानं झाकली आहे, वर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी, आणि लोक त्या कापडाचे फोटो काढतात.

हे मला ज्योतीकडून कळलं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, वहीतून नंबर घेऊन. ती आता तिथे नाही. एजन्सीनं तिला शीवला एका हॉस्पिटलच्या गेटवर टाकलंय. शिक्षा म्हणून की सहज, हे तिला कुणी सांगितलं नाही. रोज एक बस जास्त. आणि त्या दिवसाची अर्धी हजेरी कापलीच, जागा सोडली म्हणून. मी फोनवरच संतापले. मॅनेजरला फोन करते म्हटलं, इथे नाव घेऊन लिहिते म्हटलं. ती शांतपणे ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "जाऊ दे ताई. मी त्यासाठी नाय केला फोन."

तिच्या चाळीतल्या बायकांचा बचत गट आहे, अकरा जणींचा. पैसे तिच्याकडे जमा होतात. खोटी नोट कशी ओळखायची, ते तिला नीट शिकायचं होतं.

"मी सांगते ना," मी म्हटलं. एव्हाना मलाही पाठ झालं होतं. कडेच्या रेघा, हिरव्याची निळी होणारी तार. "आधी नोट उजेडात धर..."

"तुम्ही नको," ज्योती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. "आजोबांना द्या."

मी फोन बाबांकडे नेऊन दिला. ते अर्धा तास बोलत होते. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते, आणि मधूनच त्यांचा आवाज येत होता, "नाही, नाही, घाई करायची नाही, परत एकदा बघ."